विश्लेषण : पन्नाशीच्या उंबरठ्यावर पंडिता रमाबाई हिब्रू का शिकल्या?

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन आहे. साधारण १२० वर्षांपूर्वी या गावातल्या मुक्ती मिशनमध्ये एक विधवा बाई हिब्रू आणि ग्रीक भाषांची व्याकरणे घेऊन बसल्या होत्या. तिथल्याच छापखान्यात दुष्काळातून वाचलेल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या होत्या. या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या अशी होते, शारदा सदनाचा उल्लेख येतो आणि धडा संपतो. आयुष्याची शेवटची १५ हून अधिक वर्षे त्यांनी ज्या कामाला दिली, ते बायबलचे मराठी भाषांतर मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. मराठीत बायबल आधीच उपलब्ध होते. मग हा सगळा खटाटोप कशासाठी होता?

पुराण सांगणारी मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या दक्षिणेकडील गंगामूळ येथील अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले म्हणून त्यांना धर्मपंडितांसमोर शास्त्राधार देऊन स्वतःची बाजू मांडावी लागली होती. ग्रंथात खरोखर काय लिहिले आहे ते उघडून दाखवा, ही सवय रमाबाईंना घरातूनच लागली असे म्हणता येईल. आईने त्यांना संस्कृत शिकवले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. तीर्थक्षेत्री पुराण सांगत हे कुटुंब पायी हिंडत असे.

पुढे दुष्काळाने हे घर संपवले. १८७४ मध्ये आधी वडील, मग आई आणि नंतर थोरली बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत ही भावंडे १८७८ मध्ये कोलकात्यात पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या २० वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

कोलकात्यातच त्यांच्या हाती पहिल्यांदा बायबल पडले आणि तेही संस्कृत भाषांतर. गंमत अशी की, संस्कृतवर एवढे प्रभुत्व असूनही त्यांना ते काही केल्या उमगेना. त्यातली भाषा त्यांनी शिकलेल्या साहित्यापेक्षा फारच वेगळी होती. याच काळात स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे वाचायला घेतली. बहुतेक बाबतीत हे ग्रंथ एकमेकांशी जुळत नाहीत, पण स्त्रिया आणि शूद्र यांना कमी लेखण्यात मात्र त्यांचे एकमत आहे, असा निष्कर्ष त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात मांडला. वेद वाचण्याचा अधिकार स्त्रीला नाही, असे वडिलांनीही मानले होते. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत दिली, तेव्हा त्यांनी तेही वाचले.

ढाक्यात १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते दुसऱ्या जातीचे आणि दुसऱ्या प्रांताचे. सिलचरच्या घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती वाचू लागल्या. आयझॅक ॲलन हे बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातली कथा समजावून सांगत. पतीला मात्र पत्नीने ख्रिस्ती होणे पसंत नव्हते. लग्नाला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने त्यांचा मृत्यू झाला. रमाबाईंची मुलगी मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती.

बाप्तिस्मा झाला, मग वाद कशावर?

पतीच्या निधनानंतर रमाबाई पुण्यात आल्या. इथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. हे सगळे आपण शाळेत वाचलेले असते. त्याच वेळी पुण्यातल्या एका मिशनरी बाईंकडे त्या मराठी नवा करारही वाचत होत्या. नेहेम्या गोरे या ख्रिस्ती झालेल्या मराठी पंडितांशी त्यांची चर्चा होत असे.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या संस्थेत त्यांची राहण्याची सोय झाली. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅमला एक केंद्र होते. समाजाने टाकून दिलेल्या, वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांची तिथे आपुलकीने काळजी घेतली जाई. रमाबाईंना याचे मोठे आश्चर्य वाटले. असे का करता, असे त्यांनी विचारले तेव्हा तिथल्या एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो, तो हा प्रसंग. ती परजातीची आणि पाच नवरे झालेली होती. धर्मग्रंथात अशा बाईशी कुणी बरोबरीने बोलते, हे रमाबाईंना नवीन होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात यावर गदारोळ झाला. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली, पण असा पाठिंबा देणारे थोडेच होते. इंग्लंडमध्ये तरी सगळे आनंदात असेल असे आपल्याला वाटते, पण खरी खडाजंगी तिथेच सुरू झाली. रमाबाई चर्च ऑफ इंग्लंडची शिकवण जशीच्या तशी स्वीकारायला तयार नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धांत बायबलमध्ये नेमका कुठे आहे? एखादे श्रद्धासूत्र शतकानुशतके म्हटले जाते, एवढ्यावरून ते बंधनकारक कसे ठरते? त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. दोघींची या काळातली पत्रे छापलेली आहेत. त्यांत एकीकडे जिव्हाळा आहे आणि दुसरीकडे प्रत्येक मुद्द्यावर पुरावा मागणारी शिष्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती संस्कृत का नकोत, इथपर्यंत हा वाद गेला. त्यांचा शाकाहार खटकला, मनोरमाला धर्माचे काय शिकवायचे यावरूनही ताण झाला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा भारतातल्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. भारतात परतल्यावर हिंदू समाजात याचा चुकीचा अर्थ निघेल, असे त्यांचे कारण होते. आपला हिंदू समाज आपल्याला जास्त ठाऊक आहे, हे रमाबाईंनी त्यांना सुनावले.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचे तर रमाबाईंना तयार ॲप नको होते, त्यांना मूळ कोड बघायचा होता. तुलना थोडी सैल आहे, पण पुढचे सगळे आयुष्य याच हट्टातून घडलेले दिसते.

शारदा सदन का हादरले?

अमेरिकेत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून आणि गावोगावी भाषणे करून त्यांनी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. धर्म शिकवला जाणार नाही, अशी हमी दिलेली होती. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचे दार मात्र उघडे असे आणि ज्या मुलीला यावेसे वाटे ती येऊन बसे.

या उघड्या दारावरूनच वाद पेटला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि २० हून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही, त्यामुळे पालकांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. दुसरीकडे, स्वतःच्या घरात स्वतःचा ग्रंथ दार लावून वाचावा, ही अपेक्षाही रमाबाईंना मान्य होणे शक्य नव्हते.

याच सुमारास त्यांच्या श्रद्धेत आणखी एक वळण आले. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. धर्मगुरू झाल्यानंतर कित्येक वर्षांनी आपल्याला खरा विश्वास गवसला, असे या गृहस्थाने त्यात लिहिले होते. रमाबाई अंतर्मुख झाल्या. आपण ख्रिस्ती धर्म अभ्यासाने पटवून घेतला, पण ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेलाच नाही, असे त्यांना जाणवले. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती. त्यानंतरचे त्यांचे बायबलवाचन वाद जिंकण्यासाठी नव्हते. त्यात जे वाचले ते जगून बघण्याचा प्रयत्न दिसतो.

संधी लवकरच आली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आई-वडिलांना दुष्काळातच गमावलेल्या रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावला आणले. तिथे रमाबाईंनी फळबागेसाठी सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेवली होती. आधी तंबू, झोपड्या आणि मग पक्क्या इमारती असे मुक्ती सदन वसले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि ही वस्ती दोन हजारांच्या आसपास पोहोचली. शेती, विणकाम, तेलघाणा, गोठा, छापखाना, सगळे काम स्त्रियाच करत. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवत.

मराठी बायबल असताना नवे कशाला?

मराठीत नवा करार विल्यम कॅरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्येच आला होता. नंतर बायबल सोसायटीने सुधारित भाषांतरे काढली. ती पंडितांच्या मदतीने झालेली, संस्कृत शब्दांनी भरलेली. केडगावच्या बहुतेक स्त्रिया मोठ्या वयात अक्षरे गिरवू लागलेल्या. वाचता आले तरी अर्थ कळेना, अशी त्यांची गत. कोलकात्यात संस्कृत बायबल हाती घेऊन बसलेल्या रमाबाईंना ही अडचण वेगळी सांगावी लागली नसेल.

दुसरे कारण अधिक नाजूक होते. संस्कृत शब्द आपले जुने अर्थ बरोबर घेऊन येतात. पाप, मुक्ती, अवतार यांसारखा शब्द वाचला की, ऐकणाऱ्याच्या मनात पुराणातली कल्पना उभी राहते. रमाबाई स्वतः पुराणिकाच्या घरातल्या, त्यामुळे हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? इंग्रजी बायबलवरून मराठी करणे म्हणजे भाषांतराचे भाषांतर. म्हणून वयाच्या पन्नाशीकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू कमी येत असल्याने इंग्लंडमध्ये त्यांचे डॉक्टर होण्याचे स्वप्न हुकले होते. आता बहिरेपण वाढले होते. व्याकरण आणि कोश समोर ठेवून त्या एकेक वाक्य लावत गेल्या.

१९०४-०५ च्या सुमारास हे काम सुरू झाले. १९०५ मध्ये मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात तिचा उल्लेख आजही होतो. रमाबाई मात्र दिवसेंदिवस भाषांतराच्या टेबलापाशी अधिक दिसू लागल्या. एखाद्या संस्कृत पंडितेने आपली संस्कृत बाजूला ठेवून गावाकडची, घरातली मराठी शोधत बसावे, हे या कामातले सर्वांत अवघड ओझे असावे असे वाटते. तपासणे, खिळे जुळवणे, छापणे या कामांत सदनातल्या स्त्रिया होत्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, तेव्हा त्या ४० वर्षांच्या होत्या. मुक्तीची धुरा त्याच सांभाळणार असे गृहीत होते. आई-वडील, बहीण, भाऊ आणि पती यांच्यानंतर आता मुलगीही गेली. रमाबाईंनी मुद्रिते तपासणे थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.

हे भाषांतर चर्चमध्ये रुळले नाही. उपासनेत बायबल सोसायटीचीच मराठी वाचली जात राहिली. पाठ झालेले शब्द बदलायला कुठलाही समाज सहज तयार होत नाही आणि एका व्यक्तीने केलेल्या भाषांतरामागे उभी राहणारी मोठी संस्थाही नव्हती. पुढे १९८९ मध्ये रमाबाईंवर टपाल तिकीट निघाले, शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचे मेधावी हे नाव मिळाले. केडगावचे मुक्ती मिशन आजही सुरू आहे.