तोलाचा माणूस : सर विश्वेश्वरय्या
(एस. वाय. बी. ए.)

वालचंदनगरच्या परिसरात ऊस उभा आहे तो नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर. लहानपणी मला वाटे, एवढ्या लांबून हे पाणी कोण ढकलत असेल? पुढे कळले की ते कोणीच ढकलत नाही. जमिनीला बेताचा उतार दिला की पाणी आपल्याच भाराने चालू लागते. हा भार कसा वापरावा आणि कसा पेलावा, हे ज्यांनी आयुष्यभर जाणले त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याविषयी मी लिहीत आहे.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. वडील लवकर वारले. बंगलोरला मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी शिक्षण केले आणि १८८१ साली बी. ए. झाले. हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. १८८३ साली स्थापत्याच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले.

दगडी धरण म्हणजे नुसती जाड भिंत नव्हे. पाणी जितके खोल तितका त्याचा रेटा जास्त, म्हणून भिंत माथ्याशी अरुंद आणि पायाशी रुंद असते. पाणी भिंतीला आडवे रेटते, दगडाचा भार खाली ओढतो. या दोहोंचा मिळून होणारा जोर पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात पडला पाहिजे. तो त्याबाहेर सरकला तर पाण्याकडची कड उचलू पाहते आणि दगडचुन्याला तर ताण सोसत नाही. पाण्याची उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. म्हणजे धरणाचा आकार हौसेने ठरत नाही, तो तोलाने ठरतो.

खडकवासल्याला हाच प्रश्न त्यांच्यापुढे आला. पुण्याला पाणी कमी पडत होते, आणि पावसाळ्यात मात्र जादा पाणी सांडव्यावरून कित्येक फूट उंचीने वाहून जाई. भिंत उंचवावी तर खर्च आणि धोका. विश्वेश्वरय्यांनी वेगळा विचार केला. पुराच्या वेळी इतके पाणी ही भिंत दरवर्षी पेलतेच आहे, मग तेवढेच अडवून का ठेवू नये? १९०३ साली त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविले. दाराच्या वजनाला दुसरे वजन तोलून धरलेले, जणू मोठा तराजूच. पाणी ठरल्या रेषेवर आले की तेच तोल फिरवी आणि दार उघडे. पाणी उतरले की दार आपोआप मिटे. साठ्याची पातळी सुमारे आठ फूट वाढली. या शोधाचे पेटंट त्यांच्या नावे होते, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन त्यांनी सरकारकडून घेतले नाही.

आमच्या नीरा खोऱ्यातही त्यांनी तोलाचाच विचार आणला. कालव्याचे पाणी मूठभर बागायतदारांपाशी अडकू नये, म्हणून जमिनीचे गट पाडून पिकांची फेरपालट करण्याची ब्लॉक पद्धत त्यांनी सुचविली. आरंभी विरोध झाला, तेव्हा लोकांना भेटून त्यांनी ती समजावून दिली.

१९०८ मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडल्यावर ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ दिवाण. कावेरीवरचे १३० फूट उंचीचे कृष्णराजसागर धरण सुरखी-चुन्यात उभे राहिले, त्यातही असे दरवाजे बसविले गेले. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फोडली. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीला पोहोचलेले होते. ठरलेल्या उंचीपलीकडचे पाणी कोणत्याही भिंतीला पेलत नाही, हा धडा पुण्याने फार मोठी किंमत देऊन घेतला. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, विश्वेश्वरय्या गेले.

आमचे रान चारीच्या शेवटाला आहे. पाळी आली तरी पाणी कधी पोहोचते, कधी वाटेतच संपते, आणि वडील रात्रभर कंदील घेऊन बांधावर बसतात. तिथे बसून मला वाटते, दगडाचा तोल गणिताने साधतो, पण वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यातला तोल माणसांनाच साधावा लागतो. मी अभियंता होणार नाही, कलाशाखेचा विद्यार्थी आहे. पण विश्वेश्वरय्याही आधी बी. ए. च होते, आणि हे दुसरे काम आमच्या वाट्याचे आहे असे मला वाटते.