एडाचा ड्राय रन

डी मॉर्गनचे नियम तुम्ही परीक्षेपुरते तरी पाठ केलेच असतील. हे ऑगस्टस डी मॉर्गन जन्मले आपल्या मदुराईत, १८०६ मध्ये. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांची एक विद्यार्थिनी मात्र कधीच त्यांच्या वर्गात बसली नाही, कारण तेव्हा इंग्लंडच्या विद्यापीठांत मुलींना प्रवेशच नव्हता. १८४० मध्ये, चोवीस वर्षांची आणि तीन मुलांची आई असलेली ही बाई त्यांच्याकडून पत्रांतून कॅल्क्युलस शिकायला लागली. तिचं नाव एडा लव्हलेस. प्रोग्रॅमिंगच्या इतिहासात पहिलं नाव घेतलं जातं ते हिचंच.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा, लंडनमधला. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. ती महिन्याची असतानाच आई तिला घेऊन माहेरी गेली आणि पुढे बापलेकीची भेट कधी झालीच नाही. मुलगी बापाच्या वळणावर जाऊ नये, म्हणून आईनं तिला लहानपणापासून गणिताला जुंपलं. तेराव्या वर्षी गोवर आला, पाय लुळे पडले. बराच काळ अंथरुणात गेला, मग कुबड्या आल्या. अभ्यास सुटला नाही.

१८३३ मध्ये, सतराव्या वर्षी, तिची गाठ चार्ल्स बॅबेजशी पडली. त्यांच्या घरी आकडेमोड करणाऱ्या यंत्राचा एक भाग मांडलेला असे. बाकीचे पाहुणे चाकं फिरताना बघून थक्क व्हायचे. एडाला ती चाकं कशी चालतात, हे समजून घ्यायचं होतं. डी मॉर्गनना लिहिलेल्या पत्रांतही हेच दिसतं. अमुक पायरी कळली नाही, ही पुढची ओळ कुठून आली, असं ती बिनधास्त विचारते. उमराव घराण्यातली आहोत, प्रश्न बाळबोध वाटेल, असली लाज नाही.

खरी कसोटी लागली १८४३ मध्ये. बॅबेजनी तोवर अ‍ॅनालिटिकल इंजिन नावाच्या नव्या यंत्राचा आराखडा केला होता. पंच केलेली कार्डं घातली की त्याबरहुकूम गणित करणारं यंत्र! त्यावर मेनाब्रेआ या इटालियन इंजिनीअरनं फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. एडानं तो इंग्रजीत आणला आणि सोबत स्वतःच्या टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखापेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या.

त्यातली शेवटची टीप बर्नोली संख्यांची. हे यंत्र त्या संख्या कशा काढेल, हे एडाला दाखवायचं होतं. तिचा त्रास वाचावा म्हणून त्यातलं बीजगणित बॅबेजनी स्वतः करून दिलं. म्हणजे त्या विषयातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडून आयतं उत्तर हातात आलं होतं. तुम्ही असतात तर? एडानं ते तपासलं, त्यात मोठी चूक सापडली आणि कागद परत पाठवला. ही गोष्ट खुद्द बॅबेजनीच पुढे आत्मचरित्रात नोंदवून ठेवलीय.

मग तिनं २५ पायऱ्यांचा तक्ता छापला. कोणत्या पायरीला कोणती क्रिया, कोणत्या आकड्यांवर आणि उत्तर कुठे ठेवायचं, सगळं ओळीनं. यंत्र तर कधी पूर्ण बांधलंच गेलं नाही. त्यामुळे रनचं बटण दाबून बघायची सोय नव्हती. होता तो निव्वळ कागदावरचा ड्राय रन. गंमत म्हणजे छापलेल्या तक्त्यात चौथ्या पायरीला भागाकार उलटा पडलाय. हेही कळलं, ते नंतर कुणीतरी ओळ न् ओळ करून पाहिली म्हणून. आता या कामात एडाचा वाटा किती आणि बॅबेजचा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात.

ती यंत्राच्या विरोधात मुळीच नव्हती. हे यंत्र उद्या संगीतही रचू शकेल, असं तिनं तेव्हाच लिहिलं होतं. पण यंत्र स्वतःहून नवं काही काढत नाही, आपल्याला सांगता येईल तेवढंच करतं, असंही तिनं बजावलं. १९५० मध्ये अ‍ॅलन ट्युरिंगनी हा आक्षेप तिच्या नावानिशी मांडला आणि खोडायचा प्रयत्न केला.

आजच्या एआयला आपण पायऱ्या लिहून देत नाही. प्रश्न टाकतो, उत्तर येतं. बरोबर उत्तर ज्या ठसक्यात देतं, त्याच ठसक्यात चुकीचंही देतं. म्हणजे तपासण्याचं काम एडाच्या काळापेक्षा वाढलंय. आणि तपासायला विषय यावा लागतो. कोड कॉपी-पेस्ट करून आउटपुट आलं, जर्नलवर सही मिळाली, तरी व्हायवात एक्स्टर्नलनं एका ओळीवर बोट ठेवून ‘हे का?’ विचारलं की उत्तर तुमचं तुम्हालाच द्यावं लागतं. नोकरीच्या इंटरव्ह्यूतही तेच.

एडा २७ नोव्हेंबर १८५२ रोजी कॅन्सरनं गेली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. तिच्या इच्छेप्रमाणे तिला न भेटलेल्या वडिलांशेजारी पुरलं. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं एका प्रोग्रॅमिंग भाषेला ‘एडा’ नाव दिलं आणि तिच्या मानकाला क्रमांक दिला १८१५, तिचं जन्मवर्ष.

पुढच्या वेळी एआयकडून प्रोग्रॅम घेतलात, तर रन करण्याआधी वही उघडा. व्हेरिएबलचे रकाने आखा आणि पहिल्या चार-पाच पायऱ्या हातानं करून बघा. जिथे अडाल, तिथूनच तुमचा खरा अभ्यास सुरू होईल.