बारशाची पंगत आणि गाडगेबाबा

गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला आठवतो खराटा आणि स्वच्छता अभियान. पण या माणसाची पहिली लढाई होती ती दारूशी, आणि तीही स्वतःच्या घरातल्या!

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूच्या आहारी गेले आणि डेबू आठ वर्षांचा असतानाच वारले. आई सखुबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला भावाकडे आली. मामाची गुरं राखत, नांगर धरत डेबू मोठा झाला.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला जातभाईंना दारू-मटणाचं जेवण घालायची रीत होती. स्वतः न पिणं एक वेळ चाललं असतं, पण दुसऱ्याला न पाजणं म्हणजे समाजात नाक कापून घेणं! डेबूजींनी पंगत रद्द केली नाही. पाहुणे बोलावले, पोटभर जेवू घातलं, फक्त ताटात गोडधोड वाढलं. लोक चिडले, पण हे हटले नाहीत. पुष्कळ जण चवीसाठी नाही, तर चारचौघांत वेगळं पडू नये म्हणून पितात. त्या पंगतीत सोबत तीच राहिली, दारू तेवढी गेली.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. दारू, कर्ज, शिक्षण यांवर साध्या वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढायचे. कुणी उपदेश केला की आपण लगेच वाद घालतो. पण स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर नाकारणार कसं? १९८३ साली विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारूच्या समुपदेशनाची जी पद्धत मांडली, तिचा गाभाही हाच. बदलाचं कारण पिणाऱ्यानेच बोलून दाखवायचं.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आपल्या छावणीजवळचं नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय याच संस्थेचं. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला प्रवासातच बाबा गेले.

होस्टेलवर कुणाला रोज लागत असेल, न मिळाल्यास हात थरथरत असतील, तर त्याला डॉक्टरांकडेच न्या. ते एकट्याने एकदम सोडवायचं काम नाही. पण बाकीच्यांचं काय? पुढच्या बर्थडेला जो नको म्हणेल त्याला चिडवू नका. त्याला चहा द्या, आणि आपल्याच घोळक्यात बसवा!