हवेच्या गादीवरील नौका

संशोधकाची बुद्धी आणि समाजाचे भांडवल यांची गाठ वेळेवर पडली नाही, तर उत्तम कल्पनाही कागदावरच राहते. हॉवरक्राफ्टचे जनक सर ख्रिस्तोफर कॉकरेल (१९१०-१९९९) यांचे चरित्र हेच सांगते. मार्कोनी कंपनीतील नोकरी सोडून या इंग्रज अभियंत्याने होड्या बांधण्याचा व्यवसाय आरंभिला. पाण्याचे घर्षण नौकेची गती रोखते. मग नौका हवेच्या थरावरच का तरंगू नये? १९५५ साली त्यांनी एका डब्यात दुसरा लहान डबा बसविला, मधल्या फटीतून हवेचा झोत सोडला आणि त्याचा रेटा स्वयंपाकघरातील तराजूवर मोजला. कल्पना खरी ठरली.

सरकारने ती गोपनीय ठरविली खरी. पण नौदलाला ते विमान वाटले आणि हवाई दलाला नौका! पैसा कोणीच देईना. अखेर १९५८ मध्ये राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ या सरकारी संस्थेने धोका पत्करला. पुढल्याच वर्षी, २५ जुलैला, ‘एसआर-एन १’ हे वाहन कॅलेहून डोव्हरला पोहोचले.

इंग्लिश खाडीवरील हॉवरक्राफ्टची प्रवासी वाहतूक २००० साली थांबली, हे खरे. तथापि नवी वस्तू जुन्या खात्यांच्या चौकटीत बसत नाही म्हणून ती नाकारणे, ही काटकसर नव्हे. असा धोका उचलणे हेही सार्वजनिक पैशाचे कर्तव्यच होय.