इब्न सीना: आठशे औषधं आणि एक गाठ

इब्न सीना यांचा जन्म इ.स. 980 मध्ये बुखाराजवळच्या अफशाना गावात झाला. तरुणपणीच त्यांनी आजारी अमीर नूह इब्न मन्सूर यांच्यावर उपचार केले आणि राजग्रंथालयाची दारं त्यांच्यासाठी उघडली. पुढे सत्ता बदलल्या, भटकंती सुरू झाली. हमदानमध्ये ते वजीर झाले, तुरुंगातही गेले.

या धावपळीतच ‘अल-कानून फित्-तिब’ हा पाच खंडांचा वैद्यकग्रंथ पूर्ण झाला. त्याच्या दुसऱ्या खंडात सुमारे 800 औषधी द्रव्यं आहेत, त्यांत बहुतेक वनस्पती.

कर्करोग काळ्या पित्तामुळे होतो, असं तेव्हा मानत. म्हणून स्तनाच्या गाठीवर ते पित्त बाहेर काढणारी औषधं देत. अमरवेलीच्या जातीची अफ्तीमून त्यांपैकीच एक. मात्र औषधांनी गाठ पूर्ण जाणं कठीण, असं इब्न सीना मानत. गाठ लहान असतानाच मुळासकट कापावी. नाहीतर ती वाढू नये, चिघळू नये एवढंच पाहावं, असं त्यांचं मत होतं.

1037 मध्ये हमदानला त्यांचं निधन झालं. काळ्या पित्ताची कल्पना मागे पडली. त्या वनस्पतींवर आजही संशोधन चालतं, पण त्या उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत. गाठ लवकर ओळखणं मात्र आजही तितकंच मोलाचं आहे.