गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (९ मे १८६६ – १९ फेब्रुवारी १९१५) हे भारतीय राष्ट्रीय चळवळीतील नेमस्त पुढारी, शिक्षक, अर्थशास्त्राचे अभ्यासक व समाजसुधारक होते. लोकसेवेसाठी कार्यकर्ते पद्धतशीरपणे घडविण्याच्या हेतूने त्यांनी १९०५ साली पुणे येथे भारत सेवक समाज ही संस्था स्थापन केली.

बालपण व शिक्षण

गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. १८७९ मध्ये वडील कृष्णराव यांचे निधन झाल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्यातील ८ रुपये ते गोपाळरावांच्या शिक्षणासाठी पाठवीत. १८८४ मध्ये गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले.

शिक्षक व सार्वजनिक कार्य

पदवीनंतर ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. दरमहा ७५ रुपयांच्या वेतनावर वीस वर्षे अध्यापन करण्याचे हे व्रत होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील सेवा पूर्ण करून ते १९०२ मध्ये निवृत्त झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक प्रश्न आकडेवारीनिशी मांडण्याची शिस्त आत्मसात केली.

१८९७ मध्ये इंग्लंडमध्ये असताना, पुण्यातील प्लेगबंदोबस्तावरील सैनिकांच्या वर्तनाविषयी आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी गंभीर आरोप केले. परत आल्यावर त्यांचा पुरावा देता न आल्यामुळे त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांकडून त्यांच्यावर कठोर टीका झाली.

भारत सेवक समाज

फावल्या वेळातील देशकार्य अपुरे पडते, त्यासाठी सर्व आयुष्य वाहिलेले व अभ्यासाची बैठक असलेले कार्यकर्ते हवेत, अशी गोखले यांची धारणा होती. १२ जून १९०५ रोजी ज्येष्ठ कार्यकर्ते शिवराम हरी साठे यांच्या हस्ते संस्थेच्या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली. गोखले हे संस्थेचे प्रथम सदस्य झाले. त्यांच्यापाठोपाठ नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी दीक्षा घेतली.

प्रत्येक सदस्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाला प्रथम स्थान देणे, स्वार्थ न पाहणे, जात व धर्म यांचा भेद न करता सर्व भारतीयांना बंधू मानणे, संस्थेकडून मिळणाऱ्या निर्वाहखर्चात समाधान मानणे, खासगी जीवन शुद्ध ठेवणे, कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे आणि संस्थेचे ध्येय सतत डोळ्यांपुढे ठेवणे, असा त्यांचा आशय होता. प्रशिक्षणाचा काळ पाच वर्षांचा असे. त्यापैकी तीन वर्षे पुण्यातील निवासात अध्ययनासाठी आणि दोन वर्षे देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रवास व निरीक्षण यांसाठी ठरविलेली होती.

१९०७-०८ मध्ये संयुक्त प्रांतात पडलेल्या दुष्काळात सदस्यांनी मदतकार्य केले. देवधर यांनी रमाबाई रानडे यांच्यासह १९०९ मध्ये पुणे सेवासदन उभे केले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली व पुढे ते कामगार चळवळीचे अग्रणी ठरले. अमृतलाल ठक्कर (ठक्करबाप्पा) १९१४ मध्ये सदस्य झाले आणि त्यांनी आयुष्य आदिवासींच्या सेवेला वाहिले.

अखेरचा काळ व वारसा

१९११ मध्ये गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची वाट मोकळी करणारे विधेयक मांडले. ते पुढील वर्षी फेटाळले गेले. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या महात्मा गांधींना त्यांनी सार्वजनिक प्रश्नांवर मत देण्यापूर्वी एक वर्ष देश पाहण्याचा सल्ला दिला. हे त्यांच्या प्रशिक्षणपद्धतीला धरूनच होते. मधुमेह व अतिश्रम यांनी प्रकृती खालावून वयाच्या ४८ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर गांधींच्या संस्थाप्रवेशावर सदस्यांत मतभेद झाले व गांधींनी स्वतःच आपला अर्ज मागे घेतला. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री संस्थेचे अध्यक्ष झाले.

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झाली. तिच्यात समाजकार्य हा व्यवसाय म्हणून शिकविला जाऊ लागला, तर गोखले यांच्या योजनेत ते आजन्म व्रत होते. मात्र सेवेला सद्भावनेइतकीच अभ्यासाची व अनुभवाची गरज असते, हा विचार महाराष्ट्रात त्याआधी तीन दशके संस्थारूपाने रुजविण्याचे श्रेय गोखले यांच्याकडे जाते.