ओटो सालोमन

ओटो आरोन सालोमन (१ नोव्हेंबर १८४९ – ३ नोव्हेंबर १९०७) हे स्वीडिश शिक्षणतज्ज्ञ होते. सुतारकामासारख्या हस्तव्यवसायाला सर्वसाधारण शालेय शिक्षणात स्थान मिळवून देणाऱ्या ‘शैक्षणिक स्लॉइड’ या पद्धतीची त्यांनी पद्धतशीर मांडणी केली. नेस येथील त्यांच्या प्रशिक्षण संस्थेत अनेक देशांतील शिक्षक येत असत. लाकडाची चमचा, फळी, स्टूल यांसारखी साधी घरगुती वस्तू मुलाने स्वतःच्या हाताने पूर्ण करणे, हा त्यांच्या शिक्षणविचाराचा गाभा होता.

नावाचा अर्थ व पार्श्वभूमी

‘स्लॉइड’ हा स्वीडिश शब्द असून त्याच्या मुळाशी हातोटी किंवा हस्तकौशल्य हा अर्थ आहे. स्वीडनमधील शेतकरी कुटुंबे लांबलचक हिवाळ्यात घरात बसून लाकडी भांडी, अवजारांचे दांडे व घरगुती वापराच्या वस्तू तयार करीत. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतील स्वस्त माल गावोगाव पोहोचला आणि ही घरगुती कारागिरी मागे पडू लागली. तिच्याबरोबर उद्योगशीलताही लोप पावेल व व्यसने बळावतील, अशी चिंता समाजधुरीणांना वाटत होती. या कारागिरीचे पुनरुज्जीवन करण्याचे प्रयत्न त्यातून सुरू झाले. सालोमन यांच्या कार्याचा आरंभही याच वातावरणात झाला.

जीवन

सालोमन यांचा जन्म योहतेबोर्य (गॉथेनबर्ग) येथील एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मामा आउगुस्ट आब्राहमसन हे धनाढ्य व्यापारी होते. आब्राहमसन यांनी १८६८ मध्ये योहतेबोर्यच्या ईशान्येस, सेवेलाँगेन सरोवराच्या काठी असलेली नेस ही जहागीर विकत घेतली. तरुण सालोमन या जहागिरीच्या कामात मामांना मदत करण्यासाठी तेथे आले व पुढे तेथेच स्थिरावले.

परिसरातील मुलांसाठी १८७२ मध्ये नेस येथे स्लॉइडची शाळा उघडण्यात आली. त्यानंतर दोन वर्षांनी मुलींसाठीही शाळा निघाली. स्लॉइड शिकवू शकतील अशा माणसांची उणीव भासू लागल्याने लवकरच शिक्षक-प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. आर्थिक भार आब्राहमसन यांनी उचलला, तर अध्यापन व व्यवस्थापन सालोमन यांच्याकडे राहिले. आरंभी या कामाचा हेतू मुख्यतः आर्थिक होता : ग्रामीण मुलांच्या हाताला कसब मिळावे आणि घराला मिळकतीची जोड मिळावी.

सिग्नेउस यांची भेट व विचारांतील बदल

१८७७ मध्ये सालोमन यांनी फिनलंडला जाऊन उनो सिग्नेउस यांची भेट घेतली. सिग्नेउस हे फिनलंडमधील लोकशाळांचे जनक मानले जातात. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८६६ च्या कायद्याने तेथील ग्रामीण शाळांत मुलग्यांसाठी हस्तव्यवसाय हा विषय आवश्यक ठरला होता. हस्तव्यवसाय हे धंदेशिक्षण नसून सर्वांगीण शिक्षणाचे अंग आहे, ही सिग्नेउस यांची भूमिका सालोमन यांनी स्वीकारली.

या बदलाचा सर्वांत मोठा परिणाम शिक्षक कोण असावा, या प्रश्नाच्या उत्तरावर झाला. नेस येथे पूर्वी कारागिरांना शिक्षक म्हणून तयार केले जाई. कुशल सुतार उत्तम वस्तू घडवू शकतो, परंतु त्याचे लक्ष वस्तूकडे असते आणि शिक्षकाचे लक्ष मुलाकडे असले पाहिजे, असे सालोमन मानू लागले. म्हणून वर्गशिक्षकांनाच हे काम शिकवावे, असा निर्णय झाला. कारागिरांसाठीचा दीर्घ अभ्यासक्रम बंद पडला आणि १८८० च्या दशकात शिक्षकांसाठी सुमारे सहा आठवड्यांचे वर्ग हेच संस्थेचे मुख्य कार्य बनले.

शिक्षणपद्धती

सालोमन यांची पद्धत ‘सोप्याकडून अवघडाकडे’ आणि ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ या तत्त्वांवर आधारलेली होती. वस्तूंच्या नमुन्यांची एक क्रमवार मालिका तयार करण्यात आली. प्रत्येक नव्या नमुन्यात आधी शिकलेल्या क्रियांसोबत एखादी नवी क्रिया येत असे. घरोघरी परिचित असलेल्या चाकूपासून आरंभ होई व पहिली वस्तू लाकडाची छोटी काडीवजा दर्शिका असे. त्यानंतर करवत, रंधा, पटाशी, कानस अशी हत्यारे टप्प्याटप्प्याने हाती येत.

नमुने निवडण्याचे नियम काटेकोर होते. वस्तू नित्य उपयोगाची असावी, ती मुलाला कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण करता यावी, तिला लाकूड कमी लागावे आणि चैनीच्या वस्तू वगळाव्यात, अशा अटी होत्या. कातकाम व कोरीवकाम यांचा वापर शक्य तितका मर्यादित ठेवला जाई.

भाजी चिरण्याच्या साध्या फळीच्या उदाहरणाने यामागचा विचार स्पष्ट होतो. फळीचा पृष्ठभाग सपाट आहे की नाही, हे सरळ पट्टी टेकवून कळते. कडा काटकोनात आहेत की नाहीत, हे गुण्या दाखवतो. लाकडाच्या रेषांविरुद्ध रंधा मारला तर पृष्ठभाग उखडतो आणि काम करणाऱ्याला आपली चूक कोणी न सांगता दिसते. फळीवर आरंभीच नक्षी कोरली, तर सदोष रंधाकाम तिच्याखाली झाकले जाण्याचा संभव असतो. सालोमन यांचा सौंदर्याला विरोध नव्हता. आकाराची व सौंदर्याची जाण वाढवणे हे त्यांच्या उद्दिष्टांपैकी एक होते. मात्र ते सौंदर्य प्रमाणबद्धतेत व स्वच्छ हातकामात असावे, वरून चढवलेल्या शोभेत नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. वळणदार वस्तूंचे आकार मुलांनी नजरेच्या व हाताच्या अंदाजाने साधावेत, म्हणून चमचे व पळ्या यांना मालिकेत विशेष स्थान होते.

श्रमाची आवड, अंगमेहनतीविषयी आदर, स्वावलंबन, नीटनेटकेपणा, अचूकता, एकाग्रता, चिकाटी आणि शरीराचा विकास ही उद्दिष्टे त्यांनी मांडली. काम करताना मुलाने कसे उभे राहावे, याकडेही लक्ष दिले जाई. सामूहिक हुकमांऐवजी प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकवले जाई. तयार झालेली वस्तू मुलाची असे. ती घरी नेऊन वापरात आली की श्रमाचे मोल मुलाला व पालकांनाही उमगते, अशी यामागील धारणा होती.

ग्रंथलेखन व प्रसार

सालोमन यांनी कार्ल नोर्देनदाल व आल्फ्रेड योहान्सन यांच्या सहकार्याने शैक्षणिक सुतारकामाची हस्तपुस्तिका लिहिली. तिचे इंग्रजी भाषांतरही झाले. नेस येथील वर्गांत स्त्रिया व पुरुष एकत्र शिकत. परदेशी शिक्षकांसाठी सालोमन स्वीडिशखेरीज इंग्रजी व जर्मन भाषांतूनही व्याख्याने देत. सुतारकामाच्या जोडीला व्यायाम व खेळ यांचाही अभ्यासक्रमात समावेश होता. अमेरिकेत गुस्ताफ लार्सन यांनी बॉस्टन येथे ही पद्धत रुजवली व तिच्यात स्थानिक गरजेनुसार बदल केले.

टीका

समकालीन टीकाकारांचा मुख्य आक्षेप नमुन्यांच्या ठरावीक क्रमावर होता. तयार नमुन्याची नक्कल केल्याने कल्पकतेला वाव मिळत नाही आणि चित्रकला व आरेखनाला पुरेसे महत्त्व दिले जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरीकडे मॉस्को येथील व्हिक्टर देल्ला-व्होस यांच्या तांत्रिक शिक्षणपद्धतीत, पूर्ण वस्तूऐवजी जोडकाम व कापकाम यांचे सुटे सराव करवले जात. अशा सरावातून मुलाच्या हाती उपयोगाची वस्तू येत नाही, म्हणून तो बालशिक्षणास योग्य नाही, असे स्लॉइडचे समर्थक मानत. नमुन्यांची मालिका प्रत्येक देशाच्या जीवनमानाप्रमाणे बदलावी, ही सालोमन यांचीही भूमिका होती.

अखेर व वारसा

आब्राहमसन यांचे १८९८ मध्ये निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार नेसची मालमत्ता स्वीडिश राष्ट्राकडे आली व संस्थेचे काम चालू राहिले. सालोमन यांनी १९०७ मध्ये आपल्या निधनापर्यंत तिची धुरा सांभाळली. स्लॉइड हा विषय आजही स्वीडनमधील शाळांत मुलगे व मुली या दोघांनाही शिकवला जातो.

भारतात या पद्धतीशी प्रत्यक्ष संबंध शांतिनिकेतन परिसरात आला. तेथील लक्ष्मीश्वर सिन्हा यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये जाऊन स्लॉइडचे शिक्षण घेतले. १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमशीही स्लॉइडची तुलना करता येते. दोन्हींत हाताच्या कामाला शिक्षणाचे साधन मानले आहे. मात्र महात्मा गांधींच्या योजनेत हस्तोद्योग हा सर्व विषयांचा केंद्रबिंदू होता व त्यातील उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा, अशी अपेक्षा होती. सालोमन यांच्या पद्धतीत स्लॉइड हा अन्य विषयांच्या जोडीचा एक विषय राहिला आणि त्याचे फलित बाजारातील किमतीवर नव्हे, तर मुलाच्या घडणीवर मोजले गेले.